पिंपातल्या मिरचीला बुरशी आणि धण्यात किडे: काय वाचतं आणि काय टाकायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कळव्याला तळमजल्यावर राहता, घरगुती मसाला करून विकता, मे महिन्यात मसाला कांडून आणल्यावर उरलेली ४ किलो बेडगी मिरची, ३ किलो धणे आणि किलोभर हळकुंडं एकाच पत्र्याच्या पिंपात भरून ठेवलीत, आणि आता गणपतीच्या ऑर्डरी आल्या म्हणून पिंप उघडलं तर धण्यात लालसर तपकिरी बारीक किडे, हळकुंडांना टाचणीएवढी भोकं आणि मिरचीच्या देठाजवळ राखाडी-हिरवट बुरशी. सासूबाई म्हणतायत चांगलं ऊन दाखव आणि कढईत भाजून घे, काही होत नाही. किराणावाला म्हणतो पिंपात गोळी टाका. आणि तुम्ही विचारताय यातलं काय करू.

मला तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये २४ वर्षं झाली, सुरुवातीला गाळ्यावर मिरची निवडायला बसायचे, मग हळूहळू माल तपासायच्या कामाला लागले, आता गोदामात माल उतरला की सॅम्पल काढणं, ओल बघणं, लॅबला पाठवणं हे माझं काम. त्यामुळे सांगते ते नीट वाचा, कारण यातल्या एका गोष्टीत लोक नेहमी गफलत करतात. कीड आणि बुरशी एकाच पिंपात दिसली तरी ते दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचा इलाज एक नाही. कीड मारता येते, मेली की तिचं खाणं थांबतं, उरलेल्या मालाचं काय करायचं ते मग ठरवता येतं. बुरशी मारली तरी तिने मालात सोडलेलं विष तिथेच राहतं, ते उन्हानेही जात नाही आणि भाजूनही जात नाही. म्हणून मिरचीचा निकाल आधी सांगते, ती चारही किलो टाकायची आहे. वाईट वाटेल, दीड-दोन हजारांचा माल आहे, पण टाकायचीच.

का ते सांगते. पिंपातली एक मिरची घ्या जिला वरून काहीच दिसत नाहीये, फक्त रंग थोडा मळकट झालाय किंवा हाताला चामड्यासारखी मऊ लागतेय, आणि ती पेपरवर उभी फाडा. चांगल्या मिरचीच्या आतला गाभा पिवळसर पांढरा असतो, बिया पिवळ्या आणि सुट्ट्या, हलवली की खुळखुळतात. बिघडलेल्या मिरचीत आत राखेसारखी पूड दिसेल, कधी काळी कधी हिरवट, बिया तपकिरी होऊन एकमेकींना चिकटलेल्या आणि वास ओल्या बारदानासारखा. हे काम करताना तोंडाला रुमाल बांधा आणि पंखा बंद ठेवा, ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू असतात आणि घरात दम्याचं कोणी असेल तर त्रास होतो. बुरशी बऱ्याचदा देठाच्या खळग्यातून आत शिरते, आतला गाभा सगळ्यात उशिरा वाळतो त्यामुळे तिला तिथे ओल मिळते, बाहेर दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. म्हणून वरची वरची बुरशीची मिरची काढून बाकीची वापरते असं जे आपण म्हणतो ते मिरचीत चालत नाही.

या बुरशींमधली एक अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची, हिरवट पिवळी, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. प्रत्येक बुरशी ते बनवते असं नाही, पण कुठली बनवते आणि कुठली नाही हे घरी बघून कोणालाही सांगता येत नाही, मलाही येत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले होते, कारण शोधता शोधता त्यांच्या खाण्यातली बुरशीची शेंगदाणा पेंड सापडली आणि तेव्हा हे विष जगाला कळलं. आपल्याकडे १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांमध्ये बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या वर माणसं गेली, लिव्हर निकामी होऊन. तो मका होता, रोजचं पोटभर खाणं होतं, मसाला आपण चमचाभर खातो त्यामुळे एका दिवसात असं काही होणार नाही हे खरं, पण हे विष लिव्हरच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि मसाला रोज पोटात जातो, लहान मुलांच्याही. आणि तुमच्या बाबतीत तो दुसऱ्यांच्या घरी जातोय.

आता भाजण्याचं. अफ्लाटॉक्सिन मोडायला साधारण अडीचशे डिग्रीच्या आसपास किंवा त्याच्या वर तापमान लागतं. कढईत मिरची आपण खमंग वास येईपर्यंत परततो, अडीचशे डिग्रीला गेली तर ती जळून कोळसा होईल आणि घरात कोणी उभं राहू शकणार नाही. म्हणजे भाजल्याने बुरशी मरते, वास जातो, रंगही जरा सुधारतो, आणि विष बऱ्यापैकी तसंच राहतं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण भाजल्यावर माल चांगला दिसायला लागतो. सासूबाईंना दुखवू नका, भाजणं आणि ऊन दोन्ही बरोबरच आहे पण ते मे महिन्यात, बुरशी यायच्या आधी, मिरचीतली ओल घालवायला. ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग नाही. धुऊन, व्हिनेगरने पुसूनसुद्धा नाही.

आमच्याकडे मी नवीन होते तेव्हाची गोष्ट आहे, मिरचीचा एक लॉट बाहेर गेला होता, युरोपला. मी स्वतः त्यातलं सॅम्पल हातात घेऊन बघितलेलं, रंग सुंदर, देठ हिरवट, वास कोरा. तो तिकडे अफ्लाटॉक्सिनमध्ये नापास होऊन परत आला. तिकडे मिरचीला मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका किलो मालात ग्रॅमचा एक लाखावा भाग, आपल्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, मसाल्यांना ३० आहे. परत आलेल्या गोण्या आम्ही बायकांनी बसून फोडल्या तेव्हा कळलं की काही गोण्यांच्या मधोमध मूठभर मिरची आतून काळी होती, बस तेवढीच, बाकी सगळा माल चांगला. तेव्हापासून मी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. लॅब रिपोर्टच्या बाबतीतही तेच, हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, हजारात चार मिरच्या खराब असतात आणि त्या तुमच्या सॅम्पलच्या पुडीत आल्या तर फेल नाही आल्या तर पास. म्हणून बुरशी डोळ्यांना दिसल्यावर शंभर ग्रॅम लॅबला पाठवून पासचा कागद मिळाला तरी मी तो माल वापरणार नाही.

आता किड्यांकडे येते, इथे जरा बरी बातमी आहे. तुम्ही फोटोत दाखवलेला किडा बहुतेक सिगारेट बीटल आहे, तंबाखूत सापडतो म्हणून हे नाव, दोन-तीन मिलिमीटरचा, पाठ फुगीर, डोकं खाली वाकवून छातीखाली घेतलेलं त्यामुळे बाजूने बघितलं तर कुबड काढल्यासारखा दिसतो. त्याचाच एक भाऊ आहे ड्रगस्टोअर बीटल, तो जरा लांबुडका आणि त्याच्या पंखांवर उभ्या बारीक रेघा असतात, तो औषधांच्या चूर्णात, बिस्किटात, अगदी पुस्तकांच्या बाइंडिंगमध्येसुद्धा होतो. दोघांचा इलाज एकच आहे त्यामुळे ओळखण्यात डोकं घालवू नका. पांढऱ्या ताटात मूठभर धणे पसरा आणि पाच मिनिटं हात न लावता बघत बसा. ताट हललं की हा किडा पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतो, तेव्हा तो धण्याच्या तुकड्यासारखाच दिसतो आणि आपण म्हणतो किडे नाहीत, थोड्या वेळाने एकेक दाणा चालायला लागतो.

लोकांना वाटतं तिखटाला, हळदीला कीड लागत नाही. लागते, आणि चांगली लागते. या किड्याच्या अळीच्या पोटात यीस्टसारखे जीव राहतात, तंबाखू-मसाल्यातली जी द्रव्यं दुसऱ्या किड्यांना सोसत नाहीत ती पचवायला ते मदत करतात, म्हणून तो लाल तिखटात, सुंठीत, हळकुंडात सगळीकडे आरामात जगतो. मोठा किडा फारसं खात नाही, दोन-चार आठवडे जगतो आणि अंडी घालतो, एक मादी शंभरेकपर्यंत. खाते ती अळी, पांढरी, केसाळ, वाकडी, आणि ती दाण्याच्या आत असते त्यामुळे दिसत नाही. आपल्याकडच्या पावसाळी गरमीत अंड्यापासून किडा व्हायला दीड-दोन महिने पुरतात. मेच्या शेवटी पिंप बंद झालं आणि ऑगस्टच्या शेवटी उघडलं, म्हणजे आत्ता दिसतायत ती पहिल्या किड्यांची पिलं आणि त्यांचीही पुढची अंडी मालात असणार. अंडी बहुतेक धण्यांबरोबरच आली असतील, तुमच्या घरात घाण होती म्हणून किडे झाले असं अजिबात मनात आणू नका.

धण्याचं असं करा. आधी चाळा, खाली पडलेला भुसा बघा. दाणे हातात चुरून बघितल्यावर पोकळ टरफलं जास्त निघत असतील तर टाका, त्यात वास राहिलेला नसतो आणि आत किड्यांची विष्ठा असते. दाणे भरीव असतील, ओलसर वास येत नसेल, तर जाड पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, खालच्या फ्रीजमध्ये नाही, वरच्या बर्फाच्या कप्प्यात जिथे उणे १८ पर्यंत जातं, आणि सलग ७ दिवस राहू द्या. खालच्या फ्रीजमध्ये किड्यांची वाढ थांबते पण सगळे मरत नाहीत. ३ किलोची एक पिशवी करू नका, पाव-अर्धा किलोच्या पातळ पिशव्या करा म्हणजे थंडी मधल्या दाण्यापर्यंत पोचते. आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका हे फार महत्त्वाचं आहे, बंद पिशवी तशीच ओट्यावर पूर्ण एक दिवस ठेवा, बाहेरून घाम येईल तो पुसा, आतला माल घरच्या तापमानाला आला की मगच उघडा. लगेच उघडली तर तो घाम धण्यावर येतो आणि किडे गेले बुरशी आली असं होतं. मग परत चाळायचं. हे धणे घरी वापरा, विकायच्या मसाल्यात नको. नियमात जिवंत कीड एकही चालत नाही आणि कीडका माल वजनात एक टक्क्याच्या आतच लागतो, तो हिशोब आपण घरी करू शकत नाही. आणि मिरचीची बुरशी धण्यांच्या थेट संपर्कात असेल, दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असेल, तर मात्र धणेही गेले, फ्रीजरचा प्रश्नच नाही.

हळकुंडं फोडून बघा. भोक बाहेरून टाचणीएवढं असतं पण आत पूर्ण बोगदा असतो आणि त्यात पिवळी भुकटी, ती हळद नाही, अळीने चावून टाकलेलं आणि विष्ठा आहे. भोकं असलेली सगळी टाका, बिनभोकांची फ्रीजर करून घरात वापरा.

गोळीचं. ताई, हात जोडून सांगते, हे करू नका. किराणावाला ज्या गोळ्या म्हणतोय त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतील तर त्यातून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन गॅस निघतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम, आणि बंद घरात रात्रभर झोपलेली माणसं त्याने मेलेली आहेत. बाजूच्या फ्लॅटमध्ये ठेवलेल्या गोळीचा गॅस भिंतीच्या फटीतून येऊनही माणसं मेली आहेत. त्यावर औषध नाही, उतारा नाही. गोदामात आम्ही वापरतो पण ते लायसन्सवाला माणूस येऊन जाड ताडपत्रीखाली, मास्क आणि गॅस मोजायचं यंत्र घेऊन, कित्येक दिवस गोदाम बंद ठेवून करतो. घरात ठेवायची ती चीजच नाही आणि किराणा दुकानात मिळायलाच नको. धान्यात टाकतात त्या पाऱ्याच्या गोळ्याही मसाल्यात नको, फुटली तर पारा मसाल्यात जाईल.

काही जणी विचारतात की वाशीला किरणं मारून देतात म्हणे, तिथे दिलं तर? हो, वाशीला ब्रिटचा, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या एका संस्थेचा, प्लांट आहे, २००० साली सुरू झाला, कोबाल्ट ६० ची गॅमा किरणं मसाल्यांवर सोडतात, किडे, अंडी, बुरशी, जंतू बहुतेक सगळं मरतं आणि माल किरणोत्सर्गी होत नाही. चांगली सोय आहे, मोठे मसालेवाले आणि निर्यातवाले वापरतात. पण तीही चांगल्या मालाला चांगलं ठेवायला आहे, बनलेलं अफ्लाटॉक्सिन किरणांनीही जात नाही.

आता हे झालं कसं. पावसाळ्यात ठाण्याची हवा ८५-९० टक्के दमट असते आणि वाळलेला मसाला ती ओल स्पंजासारखी ओढतो. मिरचीत ११ टक्क्यांच्या आत ओल असली पाहिजे, धण्यात ९, हळकुंडात १२. आजूबाजूची हवा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी जवळजवळ वाढतच नाही, त्याच्या वर जसजसं जाल तसा धोका. तुमचं पत्र्याचं पिंप तळमजल्यावर, फरशीवर, आणि तुम्हीच लिहिलंय की भिंतीच्या पलीकडे मोरी आहे, म्हणजे पिंपाची एक बाजू कायम गार, आतली दमट हवा त्या पत्र्यावर दवासारखी जमते आणि पहिली मिरची तिथेच बिघडते. पिंप रिकामं करताना बघा, बुरशीची मिरची भिंतीकडच्या बाजूला जास्त होती का, मला वाटतं असणार. दुसरं म्हणजे किडे आणि अळ्या श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल तयार होते, धण्यातल्या किड्यांनी मिरचीची बुरशी वाढवली असणार. सगळं एका पिंपात ठेवायचं नाही ते याचसाठी.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, सगळं भरून झालेलं असू दे. मिरची गच्चीत कापडावर चार-पाच कडक उन्हं, संध्याकाळ व्हायच्या आत उचलायची, वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे. उन्हातून काढून लगेच गरम गरम भरू नका, कांडपावरून आलेला मसालाही तसाच, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत पसरून ठेवा, नाहीतर झाकणाच्या आतून पाणी सुटतं. साठवायच्या मिरचीचे देठ काढू नका, देठ गेला की भोक उघडं पडतं, कांडायच्या आदल्या दिवशी काढा. मोठं पिंप नको, दोन-दोन किलोचे रबरी वायसर असलेले स्टीलचे डबे किंवा काचेच्या बरण्या, एक उघडला की तो संपेपर्यंत दुसरा उघडायचा नाही. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या हा किडा कुरतडून जातो त्यामुळे पिशवीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हिंगाचा खडा आपण सगळ्याच ठेवतो, मीही ठेवते, पण त्याने दाण्याच्या आतली अळी मरत नाही, आणि कडुनिंबाचा हिरवा पाला तर अजिबात घालू नका, पाल्यातली ओल मिरचीत जाते. तीन-चारशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते डब्याच्या आत ठेवा, ६५ च्या वर आकडा गेला की तो डबा आधी वापरायला काढा. धंद्यासाठी ठेवणार असाल तर एवढं घ्याच.

टाकायचा माल सोसायटीच्या उघड्या डब्यात टाकू नका, दोन पिशव्यांत घट्ट बांधा. पिंपाचा तळ, झाकणाची कड, जोड, तिथे अंडी आणि भुसा राहतो, ब्रशने काढून उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस उलटं ठेवून कोरडं करा. आणि घरातलं बाकी सगळं तपासा, मेथी, सुंठ, बेसन, चहा, आयुर्वेदिक चूर्णं, मुलांची बिस्किटं. खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले बारीक तपकिरी किडे सापडले तर समजा घरात अजून एक डबा आहे जो तुम्ही उघडलेला नाही, कारण हे किडे संध्याकाळी उडतात आणि उजेडाकडे जातात.

मे महिन्यात कांडलेला मसाला, त्याची काळजी तुम्ही विचारली नाहीत पण मी सांगते. तेव्हा मिरची कडक वाळलेली होती असं तुम्ही लिहिलंय त्यामुळे तो बहुधा ठीक असेल. चमच्याने उलटा, गाठी आहेत का, जाळी आहे का, कुबट वास येतो का बघा, बारीक चाळणीतून चाळा. स्वच्छ असेल तर लहान बरण्यांत भरून फ्रीजमध्ये. एकही गाठ आतून राखाडी निघाली तर ती बरणी देऊ नका, आणि त्याच बरणीतला मसाला आधी कोणाला गेला असेल तर त्यांना फोन करून सांगा आणि परत घ्या.

गणपतीच्या ऑर्डरीसाठी नवीन माल घ्यावाच लागेल. तुर्भ्याला आलात तर सकाळी या, गोणीच्या तोंडाची मिरची बघून भाव करू नका, मधे हात कोपरापर्यंत घालून खालची मूठ काढायला सांगा. मिरची तुटू नये म्हणून काही ठिकाणी तिच्यावर पाणी मारतात, ती वजनाला जड आणि हाताला मऊ लागते, ती घेऊ नका, आत्ता तर मुळीच नको. कोल्ड स्टोरेजचा माल असेल तर विचारा आज काढलाय की चार दिवस झाले, थंडगार गोणी दमट हवेत उघडली की मिरचीला घाम येतो, तो नीट वाळवला नसेल तर पंधरा दिवसांत तुमच्याकडे येऊन बुरशी धरेल. दहा मिरच्या तिथेच मागून फाडून बघा, दुकानदार काही बोलला तरी बोलू द्या. घरी आणल्यावर ऊन नसेल तर ओव्हनमध्ये ६० डिग्रीला, दार थोडं उघडं ठेवून, पातळ थर लावून दीड-दोन तास, मग पूर्ण गार करून दुसऱ्याच दिवशी कांडायला न्या. ऑर्डरीपुरतीच घ्या, या दिवसांत एक किलोसुद्धा उरवून ठेवू नका.